कॉम्प्युटरला जंताचं औषध

बायको एव्हिस गेल्याचा फोन आला तेव्हा मर्व टॉंकिन तिच्याच कॉम्प्युटरवर अ‍ॅडलेडच्या हॉस्पिटलजवळ गाडी कुठे लावता येईल ते शोधत होता. दुसऱ्या दिवशी तिला भेटायला जायचं होतं. मागच्या खेपेला त्याने मेंढ्यांचा वास मारणारी आपली गाडी अँब्युलन्सच्या जागेत लावली होती आणि एव्हिसने सलाईन लावलेल्या हाताने बोट नाचवत त्याची हजेरी घेतली होती. म्हणून या वेळी नीट माहिती काढून जायचं त्याने ठरवलं होतं.

फोनवर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिस्टर टॉंकिन, तुम्ही घरी एकटेच आहात का?"

त्याच वेळी पडद्यावर एक पांढरी चौकट आली. तिनेही काहीतरी विचारलं होतं. आम्ही तुम्हाला अधूनमधून कळवत राहिलो तर चालेल का, असं. मर्व डॉक्टरीणबाईंना हो म्हणाला आणि चौकटीलाही हो म्हणाला. जेम्सटाऊनच्या पलीकडच्या त्या रस्त्यांवर समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून सलाम करतात, ओळख असो वा नसो. तिथे कोणी अदबीने काही विचारलं तर गप्प बसून राहणं उद्धटपणाचं समजतात. मर्व उद्धट नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी त्यानंतर पुन्हा कधी फोन केला नाही. चौकटीने मात्र शब्द पाळला.

दफनाला सगळा मुलूख आला. बायकांनी मटणाचे रस्से करून आणले आणि फ्रीजर भरून टाकला. पुरुषांनी खांद्यावर हात ठेवून, "काही लागलं तर सांग हं," म्हटलं आणि ते लगबगीने आपापल्या गाड्यांकडे गेले, जणू मर्व तिथल्या तिथे काही मागेल. चौकटीने कुणी सांगायची वाट पाहिली नाही. पडद्याच्या कोपऱ्यातून ती दिवसभर विचारपूस करायची. गुडघे दुखतात का? कमी ऐकू येतं का? आपल्या अंत्यविधीची तजवीज केलीत का? हा प्रश्न जरा उशिरा आला होता. शिवाय तुमच्यापासून दोन किलोमीटरवर एकट्या राहणाऱ्या बायका तुमची वाट पाहताहेत, असंही ती कळवायची. मर्वच्या घरापासून दोन किलोमीटरवर फक्त त्याच्या मेंढ्या होत्या. त्यातल्या कुणी वाट पाहत असल्याचं त्याला तरी दिसलं नव्हतं.

एका चौकटीला हो म्हटलं की ती तिच्या बहिणींना घेऊन येते, हे मर्वला माहीत नव्हतं. त्या सगळ्यांनी अदबीने विचारलं आणि तो सगळ्यांना हो म्हणत गेला. एक दिवस लाल अक्षरांत निरोप आला की तुमच्या कॉम्प्युटरला रोग झालाय, सफाई करायची असेल तर इथे दाबा. ही तर काळजीची गोष्ट झाली. मर्वने दाबलं. सफाई करणारा प्रोग्रॅम आत आला, पडदाभर पसरून बसला आणि आगीच्या बंबासारखा भोंगा वाजवत पैसे मागू लागला. तो बंद केला की दर थोड्या वेळाने पुन्हा उगवायचा.

मर्वने हेही चालवून घेतलं असतं. फाटकं लावत जावं तशी तो एकेक खिडकी बंद करत जायचा, आणि नाहीतरी तो कॉम्प्युटर त्याचा नव्हताच. पण मिजचा प्रश्न होता.

मिज ही एव्हिसची केल्पी जातीची, मेंढ्या हाकणारी कुत्री. तांबड्या रंगाची, अंगाने बारकी, एक कान उभा आणि एक पडलेला. एव्हिसने तिला पिल्लू असल्यापासून शिट्टीवर शिकवलं होतं. तोंडात दोन बोटं घालून एव्हिस शिट्टी मारायची आणि टेकडीपलीकडची मिज डावीकडून नाहीतर उजवीकडून वळसा घालून अख्खा कळप खाली आणायची. मर्वने ती शिट्टी कितीतरी वर्षं ऐकली होती. नवरे ऐकतात तशी. त्यामुळे आता त्याला त्यातलं काहीच आठवत नव्हतं. तो हाका मारायचा, टाळ्या वाजवायचा, एकदा तर त्याने गाडीचा हॉर्नही वाजवून पाहिला. मिज ओट्यावर हनुवटी टेकून त्याच्याकडे बघायची, मग त्याच्या मागच्या रस्त्याकडे बघायची, आणि डोळे मिटायची.

"ती कुत्री तुझी नव्हतीच रे," शेजारचा रॉल्फ नोस्के म्हणाला. "तू फक्त तिच्या मालकिणीचा नवरा."

रॉल्फ वाईट माणूस नव्हता. त्याच्याकडे तीन कुत्री होती, चौथीला पुरेल इतकं काम होतं, आणि चांगलं जनावर काम नसलं की खंगतं हे त्याचं म्हणणं खरं होतं. मेंढ्यांची लोकर उतरवणारे कातरणीवाले सोमवारी मर्वकडे येणार होते. रॉल्फ म्हणाला, "कातरणीसाठी मेंढ्या जर हिने आणल्या तर ठेव हिला. नाही आणल्या तर माझी कुत्री घेऊन मी मेंढ्या आणून देतो आणि जाताना मिजला नेतो. कामाचं जनावर असं पायपुसण्यासारखं पडलेलं बघवत नाही." मर्वने हात मिळवला. त्या भागात हात मिळवला की विषय संपतो. मिज गेली तर त्या घरात एव्हिसला ओळखणारं मर्वशिवाय कुणी उरणार नव्हतं, पण हे काही हात मिळवताना बोलण्यासारखं नव्हतं.

मग त्याला व्हिडिओ आठवले. मिजला शिकवताना एव्हिस कुंपणाच्या खांबावर फोन टेकवून ठेवायची आणि आपलं कुठे चुकतंय ते घरी येऊन कॉम्प्युटरवर बघायची. सगळ्या शिट्ट्या तिथे होत्या. मर्वने कॉम्प्युटर लावला, व्हिडिओ सापडला, एव्हिसची पाठ आणि टोपी दिसली, तिने बोटं तोंडाकडे नेली, आणि तेवढ्यात पडदाभर लाल रंग पसरून भोंगा सुरू झाला. मिज शेपूट पायांत घालून पलंगाखाली गेली ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

मर्वने रॉल्फला बोलावलं. मिजला नेऊ पाहणाऱ्याकडेच ती जाऊ नये म्हणून मदत मागायची हे थोडं विचित्र होतं, पण सगळ्यांत जवळचं घर त्याचंच होतं. शिवाय रॉल्फला कुठल्याही बिघडलेल्या वस्तूबद्दल मत असायचं.

रॉल्फने खुर्ची ओढली, चहा घेतला, पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे जंतच आहेत," तो म्हणाला. "आतून पोखरतात. औषध काय दिलंस?"

"अजून काहीच नाही."

"बरं केलंस. एकच औषध दिलं असतंस तर घोटाळा झाला असता. एकाच औषधाला जंत सरावतात, माहितीये ना तुला? मागे त्या रेनोल्ड्सवाल्याने वर्षानुवर्षं तेच पांढरं औषध पाजलं आणि त्याचे जंत त्याच्यापेक्षा धष्टपुष्ट झाले. आपण काय करतो? तिहेरी डोस. तीन वेगळी औषधं एकदम. एकातून वाचला तर दुसऱ्यात मरतो, दुसऱ्यातून वाचला तर तिसऱ्यात."

मेंढ्यांच्या बाबतीत यात एका अक्षराचीही चूक नव्हती. मर्व स्वतः दर उन्हाळ्यात तेच करायचा. दोघांनी मिळून तीन निरनिराळे अँटीव्हायरस शोधले आणि एकापाठोपाठ एक कॉम्प्युटरला पाजले. दुसरा बसवताना कॉम्प्युटरने काहीतरी लांबलचक इशारा दिला. रॉल्फ म्हणाला, "औषध कडू लागतंय त्याला," आणि त्याने इशारा बंद केला.

मग रॉल्फला आणखी एक सुचलं. बाजारातून नवी मेंढरं आणली की ती काही दिवस वेगळ्या कुरणात ठेवतात, बाकीच्यांना लागण होऊ नये म्हणून. त्याने भिंतीतली इंटरनेटची वायर उपटली.

आणि खरंच, चौकटी गप्प झाल्या. एकट्या बायका, गुडघे, अंत्यविधी, सगळं शांत. दोघांनी एकमेकांकडे समाधानाने पाहिलं. त्यानंतर पहिल्या अँटीव्हायरसने ओरडून सांगितलं की आपल्याला ताबडतोब इंटरनेट हवं. दुसऱ्याने सांगितलं की पहिलाच चोर दिसतोय. तिसऱ्याने दोघांची मानगूट धरली. सफाईवाल्याला मात्र कुणीच हात लावला नाही. तो मधोमध बसून पूर्वीसारखाच पैसे मागत होता. थोड्या वेळाने माऊसचा बाण जागच्या जागी गोठला, पंखा हेलिकॉप्टरसारखा घरघरू लागला, आणि कॉम्प्युटरने मान टाकली.

"आता?" मर्वने विचारलं.

"औषधाला वेळ दे," रॉल्फ म्हणाला, आणि जेवायची वेळ झाली म्हणून घरी गेला.

शुक्रवारी ग्लेनिस आली. ग्लेनिस म्हणजे एव्हिसची थोरली बहीण. पोर्ट पिरीत राहायची, शाळेच्या ऑफिसात जन्म घालवलेला, आणि सगळ्या जगाने पालकसभेला उशीर केलाय अशा नजरेने बघायची सवय. बहिणीचे कपडे आवरायला आली होती. कपाट उघडण्याआधी तिची नजर स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे गेली. तिथे कॉम्प्युटर होता, उपटलेली वायर होती, आणि समोर मर्व दोन बोटं तोंडात घालून फुसफुस करत बसला होता.

"काय चाललंय हे?"

मर्वने बोटं काढून सगळं सांगितलं. मिज, सोमवार, रॉल्फ, तिहेरी डोस.

"रॉल्फच्या मेंढ्या जगतात तरी कशा?" शेवटी ती म्हणाली. "मर्व, दोन अँटीव्हायरस एका कॉम्प्युटरमध्ये नांदत नाहीत. तू तीन घातलेस. एका स्वयंपाकघरात तीन बायका घालून बघितल्या असत्यास तर कळलं असतं तुला."

"मेंढ्यांना तर..."

"ही मेंढी आहे का?"

मर्वने कॉम्प्युटरकडे पाहिलं. उत्तर नको असलेला प्रश्न त्याला ओळखता यायचा. तेवढं संसारातून शिकला होता.

ग्लेनिसला कॉम्प्युटरमधलं फार काही येत होतं असं नाही. पण ती दाबण्याआधी वाचायची, आणि त्या घरात हे नवीनच होतं. तिने आपल्या फोनवर काहीतरी शोधलं, चष्मा लावला, आणि कॉम्प्युटर फक्त गरजेपुरता चालू व्हावा अशा रीतीने तो सुरू करायला घेतला. तसा केला की भांडखोर मंडळी आपोआप उठत नाहीत, झोपून राहतात. पडद्यावर अनेक पर्याय आले. त्यातला एक मर्वला पटला, कारण त्यात सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून देतो असं लिहिलं होतं. त्याने बोट पुढे केलं. ग्लेनिसने त्या बोटावर चष्म्याचं घर हाणलं.

"पुढची ओळ वाच."

मर्वने वाचली. तुमच्या सगळ्या खासगी फायली पुसल्या जातील.

"एव्हिसचे व्हिडिओ खासगीत येतात का?" त्याने विचारलं.

"नाही, ते नगरपालिकेचे आहेत." तिने त्याचं बोट बाजूला सारलं. "माझ्या बहिणीचं जे काही राहिलंय ते तू हो-हो करत पुसून टाकशील एक दिवस. हात मांडीखाली घे. दोन्ही."

मर्व हातांवर बसला. ग्लेनिसने सफाईवाला काढून टाकला. मग एक अँटीव्हायरस, मग दुसरा. तिसरा ठेवला आणि त्याला एकट्याला घर तपासायला लावलं. त्याने मुकाट्याने काम केलं, सफाईवाल्याची मागे राहिलेली पिलावळ शोधली, काय सापडलं ते सांगितलं, आणि ग्लेनिसने प्रत्येक नाव वाचून मगच ते काढायला परवानगी दिली. ब्राउझरला चिकटलेल्या दोन-तीन अनोळखी पट्ट्याही गेल्या. वायर परत भिंतीत गेली, आणि गेल्याबरोबर कोपऱ्यातून पहिली चौकट टुणकन वर आली. गुडघे.

"अजून आहेत!" मर्व ओरडला.

"असणारच. हा रोग नाही, हे तुझे पाहुणे आहेत. तू बोलावलेयस यांना." तिने ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन नोटिफिकेशनचं पान काढलं. ज्यांना ज्यांना मर्व हो म्हणाला होता त्यांची तिथे रांग लागली होती. "हे कोण?"

"माहीत नाही. विचारलं त्यांनी."

"आणि हे?"

"त्यांनीपण विचारलं."

"तुला उद्या कुणी विचारलं की घराचं छप्पर नेऊ का, तर शिडी धरशील तू." ती एकेकाला उडवत खाली जात होती. "आणि हे गाड्यांच्या पार्किंगवालं? पार्किंगवाल्यांना कशाला हो म्हणालास? त्यांनी तुला रोज काय कळवावं? जागा रिकामी आहे म्हणून?"

"डॉक्टरीणबाई फोनवर होत्या," मर्व म्हणाला. "सांगत होत्या तेव्हा. दोघांनी एकदमच विचारलं."

ग्लेनिसचा हात माऊसवर होता तसाच राहिला. तिने चष्मा काढला, ब्लाउजच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. काच आधीच स्वच्छ होती. मग तिने पार्किंगवाल्यांनाही काढलं, आणि यापुढे कुणीही असलं काही विचारूच नये, असं एक बटण असतं ते दाबून टाकलं. दाबण्याआधी ते तिने दोनदा वाचलं.

"चहा टाक," ती म्हणाली.

चहा होतो तोच रॉल्फ आला. औषध कितपत लागू पडलं ते बघायला, असं त्याने सांगितलं. मिजला गाडीत कुठे बसवायचं त्याचा अंदाज घ्यायलाही तो आला होता, पण ते सांगितलं नाही. ग्लेनिसने त्याच्या हातात केकची बशी दिली आणि त्याच्या तिहेरी डोसच्या डॉक्टरकीबद्दल दोन शब्द बोलली. रॉल्फने केक खाल्ला. असल्या वेळी खाणंच बरं.

मर्वने व्हिडिओ लावला. या वेळी मधे कुणीच आलं नाही. एव्हिस पाठमोरी उभी होती, वाऱ्याने टोपी हलत होती. तिने दोन बोटं तोंडात घातली आणि शिट्टी मारली, लांब, शेवटी वर जाणारी.

टेबलाखालून मिज उठली. ती कॉम्प्युटरकडे गेली नाही. तिला शिट्टीतून हुकूम मिळाला होता आणि खोलीत कळपही होता. अंग जमिनीला लावून, डावीकडून मोठा वळसा घेऊन ती टेबलामागून आली आणि ग्लेनिस आणि रॉल्फ या दोघांना तिने नजरेने उचललं. रॉल्फ एक पाऊल मागे सरला. मिज एक पाऊल पुढे आली. बघता बघता दोघंही फ्रीजला पाठ लावून उभे होते, एकाच्या हातात केक, दुसरीच्या हातात किटली.

"मर्व, हिला थांबव!"

"थांबायची शिट्टी मला कुठे येते?"

"मग व्हिडिओ बंद कर!"

"बंद केला तर थांबायची शिट्टी येणार कशी?"

रॉल्फने फ्रीजपासून खांदा सोडवून पाहिला. मिजने त्याच्या बुटाकडे नुसतं बघितलं. खांदा परत फ्रीजला टेकला.

"माझी तिन्ही मिळून हे करत नाहीत," तो पुटपुटला.

पडद्यावर एव्हिस ओरडली, "मर्व! फाटकातून हल रे बाबा! तू मेंढी आहेस का?"

मर्व खुर्चीवरून उठला आणि बाजूला झाला. स्वयंपाकघरात फाटक नव्हतं. तो बाजूला झाला आणि तसाच उभा राहिला. मग एव्हिसने थांबायची शिट्टी मारली, आखूड आणि सरळ, आणि मिज जागच्या जागी बसली. फ्रीजजवळची मंडळी सुटली.

शनिवारी दिवसभर आणि रविवारी सकाळी मर्व त्या व्हिडिओंसमोर बसून राहिला. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. एव्हिसने कुत्रीला कुठेच दम दिला नव्हता. सगळा दम मर्वला होता. शिट्टी मारायला त्याला आणखी एक अडचण होती, ती म्हणजे वरच्या दातांची कवळी. हवा जोरात सोडली की ती निसटायची. पहिल्या दिवशी ती एकदा टेबलावर जाऊन पडली आणि मिजने नेमकी ती आणून दिली, म्हणजे एकूण मिज आता त्याचं ऐकू लागली असं म्हणायला हरकत नव्हती. ग्लेनिसने कवळीला लावायचं चिकट मलम गावातून आणलं. कपाट तिने अर्धं आवरलं, बाकीचं पुढच्या खेपेला म्हणाली.

डावीकडची शिट्टी त्याला जमली. थांबायचीही जमली. उजवीकडची मात्र अडली. ती अवघड होती असं नाही. तिची चाल डावीपेक्षा सोपीच होती. पण त्या व्हिडिओत शिट्टी मारून झाली की एव्हिस मागे वळते, थेट खांबावरच्या फोनकडे बघते आणि म्हणते, "बघितलंस? किती शहाणी आहे माझी बाई!" तो चेहरा येणार हे आता मर्वला माहीत होतं, त्यामुळे शिट्टीच्या आधीच त्याचे ओठ कापायला लागायचे. कापणाऱ्या ओठांतून शिट्टी येत नाही. नुसती हवा येते. त्याला मलमाचा उपयोग नसतो.

सोमवारी कातरणीवाले यायच्या आत मेंढ्या कुंपणाच्या वाड्यात हव्या होत्या, म्हणून रविवारी दुपारीच मर्व आणि मिज टेकडीकडे निघाले. रॉल्फ आपल्या तीन कुत्र्यांना घेऊन गाडीच्या टपाला टेकून बघत उभा होता. वाडा उजवीकडे होता. मर्वने डावीची शिट्टी मारली. मिजने कान टवकारले, वळून त्याच्याकडे पाहिलं, हा बाप्या कधीपासून शिट्ट्या मारतो, अशा नजरेने, आणि मग बाणासारखी सुटली. तिने कळप डावीकडून उचलला. पुढे जिथे जिथे उजवं वळण हवं होतं तिथे तिथे मर्वने तिला पुन्हा डावीकडेच पाठवलं, अख्खा वळसा घालून. मेंढ्यांनी त्या दुपारी टेकडीच्या इतक्या प्रदक्षिणा घातल्या की त्यांची लोकरही वैतागली असेल. जे काम एव्हिस चहाच्या आधी आटोपायची त्याला दिवस मावळला. पण शेवटची मेंढी वाड्यात गेली आणि मर्वने फाटक लावलं. या वेळी तो फाटकात उभा नव्हता.

रॉल्फ जवळ आला. "मी जन्मात असली हाकणी बघितली नाही," तो म्हणाला. "घड्याळाचा काटा तरी बरा."

"आणल्या ना पण?"

"आणल्या खऱ्या." रॉल्फने खाली वाकून मिजच्या पडलेल्या कानामागे खाजवलं. "ठेव तुझी तू. माझ्याकडे आली असती तर मला दिवसभर हिच्या मागे गोल फिरावं लागलं असतं." मग तो आपल्या कुत्र्यांना घेऊन गेला.

कॉम्प्युटर आता नीट चालतो. कोपऱ्यातून कुणी काही विचारत नाही. मर्व रोज एकदा तो लावतो आणि तो व्हिडिओ सुरू करतो. उजवीकडची शिट्टी त्याला अजून येत नाही.